कापलेले ५२ हजार आणि कराडचा पत्ता

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. मी ४१, मिस्टर ४५, मुलगी १५, मुलगा ११ आणि सासूबाई ७१ वर्षांच्या. मिस्टर रबाळ्याला एका कंपनीत आहेत, तिथे कंपनीतर्फे आम्हा चौघांना ३ लाखांचा मेडिक्लेम आहे. शिवाय आमची स्वतःची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर आहे, सासूबाईंसकट पाच जणांची. तिचा यंदाचा हप्ता ५८,००० आला आहे आणि दोन महिन्यांनी भरायचा आहे. मिस्टरांच्या तीन आयुर्विमा पॉलिसी आहेत, तिन्ही माझ्या मामेसासऱ्यांकडून घेतलेल्या. त्यांचे वर्षाला ८१,००० जातात. घराचं कर्ज अजून ३४ लाख बाकी आहे. गेल्या महिन्यात मिस्टरांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. बिल १,६०,००० आलं, फ्लोटरमधून १,०८,००० मिळाले, ५२,००० कापले. मिस्टर म्हणतात, कंपनीचा मेडिक्लेम आहेच, हा बंद करून टाकू. मेडिक्लेमचा एजंट म्हणतो, पत्ता कराडचा द्या, हप्ता उतरेल. विम्यावर इतका पैसा घालून वेळेला हेच मिळणार असेल, तर खर्च कमी कसा करायचा ते सांगा. – एक वाचक, ऐरोली

ताई,

पत्रासोबत तुम्ही क्लेमच्या हिशोबाचा कागद जोडला आहे. मी तो आधी वाचला, पत्र नंतर. अठ्ठावीस वर्षं क्लेमच्या टेबलावर बसल्यावर ही सवय जात नाही.

हप्त्याचा विषय जरा बाजूला ठेवू. तुमचे ५२,००० अजून पुरते बुडालेले नाहीत. त्यातले बरेच परत मिळण्यासारखे आहेत, आणि त्याला मुदत असते, म्हणून ते आधी.

हे पैसे कापले का गेले? तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे : विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५ लाखांवर दिवसाला ५,०००. तुम्ही घेतलेली सिंगल रूम ८,००० ची. ॲडमिशनच्या काउंटरवर काय झालं असेल ते मला न विचारताही सांगता येईल. मिस्टर पोट धरून बाकावर बसलेले, तुमच्या एका हातात फाइल, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पलीकडची मुलगी म्हणते, "ट्विन शेअरिंग फुल आहे, सिंगल देऊ? डिफरन्स तेवढा तुम्हाला भरावा लागेल." आपण मनात गुणाकार करतो, तीन हजार गुणिले चार दिवस, बारा हजार, जाऊ दे. आणि सही करतो.

पण रुग्णालयात खोलीचा वर्ग बदलला की नुसतं भाडं चढत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच त्या वर्गाच्या दराने लागतं. म्हणून विमा कंपनी म्हणते, तुमचा हक्क आठातल्या पाच भागांचा होता, तेव्हा या खर्चांचेही आठातले पाचच भाग देऊ. तुमच्या कागदावर हेच झालं आहे. भाडं ३२,०००, मंजूर २०,०००. सर्जनपासून नर्सिंगपर्यंत ८०,०००, मंजूर ५०,०००. औषधं आणि तपासण्या ३८,०००, त्या पूर्ण मंजूर, कारण औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयू यांना ही प्रमाणात कपात लावायची नाही असा नियमच आहे. उरले हातमोजे, मास्क, रजिस्ट्रेशन वगैरेचे १०,०००, त्यावर मंजूर शून्य. म्हणजे बारा हजारांचा समजलेला फरक बावन्न हजारांवर गेला. त्यातले सर्वांत मोठे ३०,००० त्या मधल्या ओळीत गेले, आणि त्या ओळीबद्दल काउंटरवर कुणी चकार शब्द काढत नाही.

आता परत काय मिळू शकतं ते बघू. पहिली गोष्ट रुग्णालयाच्या बिलिंग विभागात विचारायची : तुमच्याकडे खोलीच्या वर्गानुसार डॉक्टरांचे आणि थिएटरचे दर बदलतात का? मोठ्या रुग्णालयांत बदलतात, पण लहान नर्सिंग होममध्ये बऱ्याचदा बदलत नाहीत. जिथे बदलत नाहीत तिथे विमा कंपनीला ही प्रमाणात कपात करता येत नाही. तसं असेल तर रुग्णालयाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या आणि कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज करा. ते ३०,००० जसेच्या तसे मागता येतील.

दुसरी वाट जास्त भरवशाची आहे. मिस्टरांच्या कंपनीचा मेडिक्लेम तुम्ही वापरलाच नाही! एका पॉलिसीने न दिलेली रक्कम दुसऱ्या पॉलिसीकडे मागायचा तुम्हाला हक्क आहे, अर्थात त्या दुसऱ्या पॉलिसीच्या अटींत राहून. सोमवारी मिस्टरांनी एचआरकडून टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) ईमेल आणि क्लेमचा फॉर्म घ्यावा. सोबत लागेल ते असं : पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर, म्हणजे तोच कागद ज्यावर काय दिलं आणि काय कापलं ते लिहिलं आहे, डिस्चार्ज समरी, आणि बिलांच्या साक्षांकित प्रती. मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे गेलेली असतात, हे टीपीएला माहीत असतं, त्यावरून अडवलं तर सेटलमेंट लेटरवर बोट ठेवा. कागद द्यायची मुदत डिस्चार्जपासून मोजतात आणि ती थोडी असते, तेव्हा झेरॉक्सला आजच जा. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण लिहून द्या. खऱ्या क्लेमला केवळ उशीर झाला म्हणून नाकारू नये, असं विमा नियामकाने कंपन्यांना फार पूर्वीच बजावलं आहे. मिस्टरांच्या कंपनीच्या पॉलिसीतही खोलीभाड्याची मर्यादा असेल तर सगळे पैसे मिळणार नाहीत, पण मागून बघायलाच हवं.

दोघांपैकी कुणीही विनाकारण नाकारलं, तर आधी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. नवी मुंबईकरांसाठी लोकपालांचं कार्यालय आता ठाण्यातच आहे. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने दोन स्टेशनांवर.

आता मिस्टरांचं म्हणणं, कंपनीचा आहे तर आपला बंद करू. नको. रागाच्या भरात हीच चूक सर्वांत जास्त होते. कंपनीचा मेडिक्लेम हा नोकरीचा भाग आहे. नोकरी सुटली, कंपनीने धंदा आवरला, निवृत्ती आली, की त्याच महिन्यात तो जातो. त्या वेळी मिस्टर ५८ चे असतील, शुगर नाहीतर बीपी मागे लागलेलं असेल, आणि नवी विमा कंपनी आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला सांगेल, त्यालाच वेटिंग पिरियड म्हणतात. तुमच्या फ्लोटरला सात वर्षं झाली आहेत, म्हणजे ती सगळी थांबायची वर्षं तुम्ही भरून टाकली आहेत. शिवाय सलग पाच वर्षं झालेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, "तुम्ही अमुक आजार लपवला" म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ पासून पाचची झाली. इतकी जुनी पॉलिसी मोडायची म्हणजे मुरलेलं लोणचं फेकून कच्च्या कैऱ्या आणायला निघण्यासारखं.

बदलायचा आहे तो वापरण्याचा क्रम. इथून पुढे कुणालाही ॲडमिट करावं लागलं तर आधी कंपनीचं कार्ड पुढे करायचं आणि ते संपलं की मगच आपलं. म्हणजे तुमचं नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या लाभाचं) वर्ष वाया जात नाही. आणि काउंटरवर खोली ठरवण्याआधी एकच वाक्य बोला : "आमची पात्रता इतक्या भाड्याची आहे, त्यातलीच रूम दाखवा."

आता ५८,००० कडे वळू. या हप्त्याचं मुख्य कारण सासूबाई आहेत. त्यांना हे वाचून दाखवू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. तुम्ही ४१ च्या, मुलं शाळेत, पण दर लागतो तो ७१ वर्षांचा. रिन्यूअलच्या आधी त्याच कंपनीला ईमेल करून दोन आकडे मागा : चौघांच्या फ्लोटरचा वेगळा आणि सासूबाईंच्या एकटीच्या पॉलिसीचा वेगळा. ईमेलमध्ये हेही स्पष्ट लिहा की सासूबाईंच्या झालेल्या वेटिंग पिरियडचं सातत्य नव्या पॉलिसीत कायम राहील याची लेखी हमी हवी. त्यांना मधुमेह आहे, म्हणून ही ओळ विसरू नका. दोन्ही आकड्यांची बेरीज बहुतेक वेळा ५८,००० च्या खाली येते. क्वचित थोडी वरही जाते, पण तेव्हा पाच जणांत मिळून ५ लाख असण्याऐवजी चौघांना ५ आणि त्यांना एकटीला ५ असं होतं, हे लक्षात ठेवून ठरवा.

आणि सासूबाईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड अजून काढलेलं नसेल तर ते काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत आहेत. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतो. आधार लागतं, बाकी काही नाही. पण या भरवशावर त्यांची खासगी पॉलिसी लगेच सोडू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं रुग्णालय त्या यादीत आहे का, हे बघितल्याशिवाय तर मुळीच नाही. साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आता आधी नियामकाशी बोलावं लागतं, जानेवारी २०२५ पासून. तेव्हा एकदम दुप्पट होण्याची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही.

मग चौघांच्या फ्लोटरचं काय करायचं? १ टक्क्याच्या मर्यादेची पॉलिसी मी तुमच्या जागी ठेवली नसती. ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही बऱ्या रुग्णालयात ५,००० मध्ये जनरल वॉर्ड किंवा फार तर ट्विन शेअरिंग मिळतं. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, किंवा "सिंगल प्रायव्हेट रूम" असं शब्दांत लिहिलेली पॉलिसी बघा. आधी तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत जाता येतं का ते विचारा. नाही तर पोर्टिंग करा, मोबाइलचा नंबर करतो तसंच. झालेली वर्षं सोबत येतात. फक्त अर्ज रिन्यूअलच्या तारखेच्या निदान ४५ दिवस आधी जायला हवा. तुमच्या हातात दोन महिने आहेत, म्हणजे पंधरवड्यात ठरवायचं आहे. नवी कंपनी नाहीही म्हणू शकते, विशेषतः नुकताच क्लेम झालेला असताना. म्हणून तिचं होकाराचं पत्र येईपर्यंत जुनीचं रिन्यूअल चुकवायचं नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. दुसऱ्यांच्या पॉलिसी भिंगातून वाचणारी मी, पण आईची पॉलिसी कधी उलटून पाहिली नव्हती. तिच्या मोतीबिंदूचं बिल ४६,००० झालं आणि कंपनीने २५,००० दिले. मी तावातावाने फोन केला. पलीकडून एका मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं, "मॅडम, पान अकरा, एका डोळ्याला पंचवीस हजारांची मर्यादा आहे." नौपाड्यातल्या आमच्या घरी अजून कशावरूनही वाद झाला की भाऊ "पान अकरा" म्हणतो. तुम्हाला अकरा पानं वाचायची गरज नाही. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं. खोलीभाडं, आजारनिहाय मर्यादा, को-पे (बिलातला आपल्या खिशातला वाटा), वेटिंग, काय मिळणार नाही, सगळं त्यात दोन-तीन पानांत असतं. मागितलं तर मराठीतही मिळतं. मागा.

५ लाखांचं कव्हर चौघांना या भागात कमी आहे, हे तुम्हाला अपेंडिक्सच्या बिलावरून कळलंच असेल. ते वाढवायचं म्हणून मूळ पॉलिसी २५ लाखांची केलीत तर हप्ता झेपणार नाही. त्यापेक्षा ५ लाखांची मूळ ठेवा आणि वर २० लाखांचा सुपर टॉप-अप घ्या, ज्यात पहिले ५ लाख आपण (किंवा आपली दुसरी पॉलिसी) सोसायचे असतात. मोठ्या रकमेचे क्लेम थोड्यांनाच येतात, म्हणून त्याचा हप्ता मूळ पॉलिसीच्या मानाने बराच कमी असतो. घेताना "सुपर" हा शब्द आहे ना, तेवढं बघा. समजा वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, दोन्ही वेळा ४ लाखांचं बिल. साध्या टॉप-अपमध्ये दोन्ही बिलं ५ लाखांच्या आतली, म्हणून तो एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, ८ लाख, आणि वरचे ३ देतो.

आता कराडचा पत्ता. हा सल्ला देणाऱ्या एजंटाला चहा पाजून दारापर्यंत सोडा आणि परत बोलावू नका. बऱ्याच कंपन्यांनी शहरांचे झोन पाडलेले आहेत आणि मुंबईच्या पट्ट्यातला दर सर्वांत चढा असतो, हे खरं. पण कमी झोनचा हप्ता भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले की काही कंपन्या प्रत्येक क्लेममधला ठरावीक टक्के भाग तुमच्या खिशातून भरायला लावतात. वर्षाला चार-पाच हजार वाचवून तुम्ही वाशीतल्या प्रत्येक बिलाचा एक वाटा कायमचा स्वतःवर घ्याल. आणि क्लेमच्या वेळी आधार ऐरोलीचं, मुलांची शाळा ऐरोलीची, मिस्टरांची नोकरी रबाळ्याची. टेबलामागचा माणूस इतका भोळा नसतो. मी बसलेली आहे तिथे.

काही किरकोळ गोष्टी, पण त्यांचेही पैसे जातात. तुमच्या फ्लोटरवर प्रसूतीचं ॲड-ऑन अजून चालू आहे. धाकटा ११ वर्षांचा झाला, आता ते काढायला हरकत नसावी! मिस्टरांच्या बाइकवर आणि गाडीवर दोन्हीकडे १५ लाखांचं मालक-चालक अपघात कव्हर भरलं आहे. एका माणसाला एकदाच पुरतं, ते सगळ्या वाहनांना लागू होतं. दुसऱ्या वेळी एजंटाला पहिल्याची प्रत दाखवा. तुम्ही पाठवलेल्या दोन पासबुकांच्या पानांवर मेच्या अखेरीस ४३६ रुपयांची कपात दोन्हीकडे दिसते आहे. ती प्रधानमंत्री जीवनज्योती. माणशी एकाच खात्यातून घ्यायची असते. दोन ठिकाणी भरले तरी मिळणार २ लाखच, दुसरीकडचे पैसे फुकट. एका बँकेत लिहून द्या. २० रुपयांची अपघाताची सुरक्षा योजना मात्र तुमच्या पासबुकावर दिसत नाही, ती घ्या. आणि पावती बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेम आणि आयुर्विम्याच्या हप्त्यांवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. तरी हप्ता वाढला असेल तर तो वयाचा टप्पा ओलांडल्यामुळे किंवा मूळ दर वाढल्यामुळे, ते कंपनीलाच विचारा.

उरले मामा.

तिन्ही पॉलिसी मिळून विमा रक्कम १४ लाख. घराचं कर्जच ३४. म्हणजे वर्षाला ८१,००० भरून, उद्या काही बरंवाईट झालं तर बँकेचंही भागणार नाही, मुलांचं शिक्षण लांबच. मामांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्या काळी सगळेच हेच विकत होते आणि सगळेच हेच घेत होते, "पैसे परत मिळतात ना" म्हणून. परतही मिळतात, पण माझ्या पाहण्यात अशा पॉलिसींचा परतावा ५-६ टक्क्यांच्या पलीकडे क्वचितच जातो. विमा म्हणून त्या तोकड्या आणि गुंतवणूक म्हणून सुस्त. कर वाचतो म्हणून घेतल्या असतील तर मिस्टर हल्ली कोणत्या कररचनेत आहेत ते विचारा. नव्या रचनेत या हप्त्यांची वजावट मिळतच नाही.

तिन्हींना एकच न्याय लावू नका. पहिलीचे (हप्ता २४,०००) तीनच वर्षं उरली आहेत, ती पूर्ण करा. इतक्या उशिरा मोडण्यात नुकसानच आहे. दुसरीचे (२७,०००) नऊ वर्षं बाकी. तिचं पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर), सरेंडर मूल्य (आताच मोडली तर) आणि पूर्ण चालवली तर अंदाजे काय मिळेल, हे तीन आकडे लेखी मागवा आणि मला कळवा, मग बोलू. तिसरीबद्दल मला शंका नाही. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, २० वर्षांची, विमा ६ लाखांचा, हप्ता ३०,०००. अजून १७ हप्ते म्हणजे ५,१०,०००. ती आता पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात उतरते : विसातले तीन हप्ते, म्हणून ६ लाखांचे ९०,०००, अधिक आतापर्यंतचा जमा बोनस. भरलेत तेवढेच, तेही मुदत संपल्यावर. ऐकायला वाईट वाटतं, ठाऊक आहे.

पण मोकळ्या झालेल्या त्या ३०,००० त काय येतं बघा. तुम्ही लिहिलंय, एका संकेतस्थळावर मिस्टरांच्या वयाला १ कोटीच्या टर्मचा, म्हणजे परतावा नसलेल्या निव्वळ आयुर्विम्याचा, साठीपर्यंतचा हप्ता २३,००० दाखवला. तो "धूम्रपान नाही" वर टिक करून दाखवलेला आहे. आणि त्याच पत्रात दोन ओळी खाली तुम्ही म्हणता, ते कधीतरी एखादी ओढतात. मग फॉर्मवर "हो" लिहायचं. हप्ता ३०-३५ हजारांवर जाईल, जाऊ दे. पहिल्या तीन वर्षांत क्लेम आला तर कंपनी प्रत्येक उत्तर उकरते. तीन वर्षांनंतर विमा कायद्याच्या ४५व्या कलमाने तिला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, पण तुम्ही मधल्या काळाचा जुगार कशाला खेळायचा? फॉर्म एजंटाने नाही, मिस्टरांनी स्वतः भरावा, तुम्ही शेजारी बसा. फॉर्ममध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पॉलिसी घेता येते, तो पर्याय निवडा. मग ते पैसे तुमचे आणि मुलांचे, कुणा सावकाराला किंवा बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. हे घेतानाच करायचं असतं, नंतर होत नाही. पॉलिसी आल्यावर ३० दिवसांत नको वाटली तर परत करता येते, तेव्हा आल्या दिवशीच एकदा वाचून काढा.

मामांना हे सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला पत्रातून जाणवलं. "तुमच्या पॉलिसी वाईट आहेत" असं म्हणत जाऊ नका. त्यांच्याकडेच टर्म प्लॅन मागा. ते ज्या कंपनीचे एजंट आहेत तिचीही टर्म पॉलिसी असणारच. दर दुसऱ्या दोन कंपन्यांशी ताडून बघा, थोडा फरक असेल तर मामांकडूनच घ्या. क्लेमच्या दिवशी घरी येऊन बसणारा माणूस संकेतस्थळावर मिळत नाही. पेड-अपचा अर्जही त्यांनाच शाखेत न्यायला सांगा. फक्त टर्मची पॉलिसी हातात पडून मिस्टरांची वैद्यकीय तपासणी पास झाल्याचं दिसेपर्यंत तिसरीचा हप्ता थांबवू नका. मामा मध्येच "अगं, आता भरू नकोस, मी बघतो" म्हणाले तरी.